विश्लेषण : बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी पंडिता रमाबाईंना काय गवसले?

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्याच सांगण्यानुसार तेव्हा त्यांना फक्त धर्म मिळाला होता; ख्रिस्त भेटला तो सुमारे आठ वर्षांनी. हा फरक कळायला त्यांच्या बालपणापासून सुरुवात करावी लागते.

पुण्य जोडूनही काय उरले?

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगावी पुराण सांगत. तीर्थयात्रा, उपास, दानधर्म यांतच घरचा पैसा संपला. दुष्काळात आई-वडील गेले, मागोमाग थोरली बहीण. सोळाच्या आसपास वय असलेल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर पायी फिरले. पुढे १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटले, तरी देव आपल्याला स्वीकारतो का, हा प्रश्न सुटला नव्हता.

ल्यूथरचा संबंध कुठे येतो?

सोळाव्या शतकातील जर्मन मठवासी मार्टिन ल्यूथर यालाही हाच प्रश्न छळत होता. कितीही उपास केले, पापांची कबुली दिली, तरी पुरेसे झाले असे वाटेना. पौलाच्या रोमकरांस पत्रात त्याला उत्तर सापडले. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘नीतिमान ठरवणे’ असे शब्द आहेत. ते जवळजवळ कोर्टातले आहेत. आरोपी स्वतः निर्दोष नसतो. ख्रिस्तामुळे देव त्याच्या बाजूने निकाल देतो आणि माणसाने त्यावर फक्त भरवसा टाकायचा. सत्कर्मे येतात ती निकालानंतर, त्याची किंमत म्हणून नव्हे.

रमाबाई ल्यूथरपंथी नव्हत्या. बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चमधला. पण १८९१च्या सुमारास त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचले. हॅस्लम स्वतः उपदेशक झाल्यावर बऱ्याच काळाने विश्वासाकडे वळले होते. रमाबाईंना त्यात आपली गोष्ट दिसली. धर्म बदलला, तरी देवाचे देणे फेडण्याची धडपड तशीच चालू होती. क्षमा फुकट मिळते, हे त्यांनी तेव्हा मानले.

त्याची किंमत काय?

मोठी. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन तोवर पुण्यात आले होते. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या, तसे वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींवर सक्ती नव्हती, हे खरे. पण संस्थेची प्रमुखच नव्या श्रद्धेने भारलेली असताना तटस्थता कशी टिकणार, ही पुणेकरांची शंकाही अगदीच निराधार म्हणता येत नाही.

मग सेवा कशासाठी?

१८९६च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना दौंडजवळच्या केडगावला घेऊन आल्या. तेथे ‘मुक्ती’ उभी राहिली. दुष्काळातली भूक त्यांना ठाऊकच होती. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले; छापण्याचे काम मुक्तीतल्या बायकाच करत. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. छापून पूर्ण झालेले बायबल त्यानंतर वाचकांच्या हाती पडले.