फादर थॉमस स्टीफन्स : वाट पाहणाऱ्यांना गाणे देणारा धर्मगुरू



आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. वेदीजवळच्या हिरव्या चक्रातली गुलाबी मेणबत्ती आज आपण पेटवली. ख्रिस्तसभा या रविवाराला आनंदाचा रविवार म्हणते. नाताळ अजून आलेला नाही, गव्हाणी अजून रिकामी आहे, तरीही आनंद करा असे आजची उपासना आपल्याला सांगते. हे थोडे नवलाचेच आहे. ज्याची वाट पाहिली ते मिळाले की आनंद होतो, हे लहान मुलालाही कळते. पण मिळण्याआधी आनंद कसा करायचा? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आशा या विषयावर मी पानेच्या पाने लिहिली, गुणही बरे मिळाले. परंतु या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते एका माणसाच्या आयुष्यात. हा माणूस आपल्या मराठी भाषेचा मोठा कवी होता आणि जन्माने इंग्रज होता. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर त्या देशात मिस्सा साजरी करणे कायद्याने बंद झाले. धर्मगुरू लपतछपत फिरत आणि भाविक बंद दाराआड एकत्र येत. उघड्या देवळात, घंटा वाजवून, सर्वांनी मिळून प्रार्थना करावी ही साधी गोष्टसुद्धा त्या लोकांच्या वाट्याला नव्हती. स्टीफन्स तरुणपणी अशा ख्रिस्ती समाजात वावरले.

थॉमस पाउंड नावाच्या कॅथोलिक मित्राबरोबर रोमला जायचे आणि येशूसंघात प्रवेश करायचा, असा त्यांचा बेत होता. कोणाला संशय येऊ नये म्हणून ते पाउंडचे नोकर म्हणून त्यांच्याजवळ राहिले. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. सोबत्याची जागा रिकामी ठेवून पुढे जाणे काय असते, हे त्यांना वयाच्या पंचविशीतच कळले.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. जवळजवळ सात महिन्यांचा प्रवास. वादळे, आजार आणि आफ्रिकेच्या टोकाला घातलेला वळसा. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. स्वतः स्टीफन्स मात्र मायदेशी कधीच परतले नाहीत. पुढची चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः साष्टी तालुक्यातील खेड्यांत काढली. तेथे ते पाद्री एस्तेव्हाव म्हणून ओळखले जात.

त्या काळाचे चित्र रंगवून सांगण्यात अर्थ नाही. राज्य पोर्तुगिजांचे होते. देवळे पाडली गेली होती, जुने ग्रंथ काढून घेतले गेले होते आणि लोकांच्या मनात राग होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय आणि त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती मारले गेले. त्यांची प्रेते ताब्यात घेऊन त्यांना मूठमाती देण्याच्या कामात स्टीफन्स होते. मागाहून पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी बोलावले आणि ठार केले. दोन्हीकडची घरे सुतकात बुडाली. अशा वेळी कोणीही दुसरीकडे बदली मागितली असती. स्टीफन्स साष्टीतच राहिले. ज्या मातीत आपले सोबती पुरले, त्याच मातीतल्या लोकांची भाषा ते शिकत राहिले.

ती भाषा त्यांनी किती शिकावी? त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले गेले आणि छापून निघालेले कोकणीचे ते पहिले व्याकरण ठरले. कोकणीतच त्यांनी धर्मशिक्षणाचे पुस्तक तयार केले. ते १६२२ साली निघाले. पण त्यांचे खरे मोठे काम मराठीत झाले आणि ते एका प्रश्नातून सुरू झाले.

तो प्रसंग स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच सांगितला आहे. देवळात ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण देणे चालू होते. तेव्हा एक ब्राह्मण गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी पाद्रींना आपल्या मनातली गोष्ट सांगितली. धर्माची शिकवण चांगली आहे, पण पूर्वी आम्ही पुराणे ऐकत होतो, तुम्ही ती बंद केलीत. मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या तक्रारीत खोल दुःख होते. नव्या श्रद्धेत आलेल्या त्या लोकांना प्रश्नोत्तरे पाठ होती, पण रविवारी दुपारी चारचौघांनी मिळून ऐकावे, म्हणावे, डोळे पुसावे असे काही त्यांच्याजवळ उरले नव्हते. नियम होते, गाणे नव्हते.

स्टीफन्स यांनी ती तक्रार उर्मटपणा मानली नाही. त्यांनी ती ऐकली आणि लिहायला बसले. ओवी हा छंद त्यांनी निवडला. आपल्या शहरापासून जवळच असलेल्या नेवाशाला ज्ञानेश्वरी जन्मली ती ओवीत, आणि पैठणच्या एकनाथांनी १५७३ साली भागवत पूर्ण केले तेही ओवीत. एकनाथांचे देहावसान १५९९ सालचे, म्हणजे ते आणि स्टीफन्स एकाच काळातले. गोदाकाठी आणि गोव्याच्या खाडीकाठी तेव्हा एकच छंद नांदत होता. इंग्लंडच्या खेड्यातून आलेल्या माणसाने स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि मराठी भाषेची थोरवी अशा गोड शब्दांत गायिली, की आजही मराठीचे अभ्यासक तिचा आदराने उल्लेख करतात.

या ग्रंथाला आपण ख्रिस्तपुराण म्हणतो. पण त्याच्या मूळ पोर्तुगीज नावाचा अर्थ वेगळा आहे. जगाचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या आगमनाविषयीचे निरूपण, असे ते नाव आहे. म्हणजे हा सारा ग्रंथच आगमनकाळाचा आहे! त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचे चरित्र येते. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या येण्यापर्यंतची कथा आहे : आदाम आणि एवा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे आणि पिढ्यान् पिढ्या वाट पाहणारी माणसे. एकूण सुमारे अकरा हजार ओव्या आणि त्यांतला एक तृतीयांशाहून अधिक भाग येशूच्या जन्मापूर्वीचा. घाई असलेल्या लेखकाने सरळ बेथलेहेमपासून सुरुवात केली असती. स्टीफन्स यांनी आपल्या लोकांना आधी वाट पाहायला बसवले, तेही एकेकट्याला नव्हे, तर एकत्र आणि गात.

ग्रंथाला स्वतःलाही वाट पाहावी लागली. या देशाचे ग्रंथ या देशाच्या अक्षरांतच छापले जावेत, अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ सालच्या डिसेंबर महिन्यात, म्हणजे आगमनकाळातच, त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना त्याविषयी पत्र लिहिले. आपली लिपी जोडाक्षरांची, तिला सहाशे साचे लागतील ही अडचण त्यांना ठाऊक होती. म्हणून ते काम दोनशे साच्यांत कसे भागेल याचाही हिशेब त्यांनी मांडला. पण तसे खिळे त्यांना मिळाले नाहीत. शेवटी १६१६ साली राशोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. तीन वर्षांनी, १६१९ साली, स्टीफन्स प्रभूघरी गेले. आपले पुराण आपल्या लोकांच्या अक्षरांत छापलेले त्यांनी कधीच पाहिले नाही.

पण लोकांनी ते उचलले होते. साष्टीच्या देवळांत रविवारी आणि सणाच्या दिवशी ते वाचले आणि गायिले जाऊ लागले. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध हुकूम काढला. छापलेल्या त्या जुन्या प्रती आज मिळतच नाहीत. तरी पुराण संपले नाही. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवलेल्या वह्या जपल्या. त्या वह्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. पुढे १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. १६०८ सालच्या त्या पत्रातली इच्छा अशी ३४८ वर्षांनी पूर्ण झाली. पत्र लिहिणारा केव्हाच गेला होता. ते गाणे जपणारी ख्रिस्तसभा मात्र टिकून होती.

बंधुभगिनींनो, माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. एकट्याने पाहिलेली वाट माणसाला झिजवते. मिळून पाहिलेल्या वाटेत आनंदाला आधीच जागा मिळते, कारण शेजारी कोणीतरी तीच प्रार्थना म्हणत असते. आपण थकलो तर त्याचा आवाज चालू राहतो. आपण गेलो तर आपली मुले ती पुढे म्हणतात.

मराठवाड्यात वाट पाहणे कोणाला शिकवावे लागत नाही. आपण पावसाची वाट पाहतो, नळाच्या पाण्याची वाट पाहतो. वाळूज किंवा चिकलठाण्यात काम करणारा मुलगा कायम होण्याची वाट पाहतो. आई मुलीच्या सोयरिकीची आणि आजारी माणूस रिपोर्टची वाट पाहतो. पुष्कळदा हे सारे आपण मनातल्या मनात, शेजाऱ्याला कळू न देता सोसतो. रविवारी एकाच बाकावर बसतो आणि एकमेकांचे ओझे न विचारताच घरी जातो.

म्हणून नाताळच्या नवेनाच्या या दिवसांत तीन गोष्टी करू या. रोज संध्याकाळी घरातल्या सर्वांनी टीव्ही बंद करून दहा मिनिटे एकत्र बसावे, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला एक उतारा मराठीत मोठ्याने वाचावा आणि एक गीत म्हणावे. सूर जमला नाही तरी चालेल. दुसरे, ज्या घरात या वर्षी मृत्यू झाला आहे, जेथे कोणी अंथरुणाला खिळून आहे, तेथे नाताळगीते म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी आधी जावे आणि मग इतरत्र. तिसरे, देवळात मागे एकटे उभे राहणारे कोणी दिसले, तर त्याला आपल्या बाकावर बोलवावे.

आणि कोणी धीटपणे येऊन, फादर, आमच्याकडे नियम आहेत पण गाणे नाही, असे मला सांगितले, तर मी ते ऐकून घ्यावे यासाठी माझ्याकरिताही प्रार्थना करा. साष्टीच्या त्या गृहस्थांनी तोंड उघडले नसते, तर आपल्याला ख्रिस्तपुराण मिळाले नसते.

येणाऱ्या प्रभूचा आनंद आपल्या घरांत आणि आपल्या धर्मग्रामात वसो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू