घशातल्या पिना काढणारा डॉक्टर

साडी नेसताना निऱ्यांची पिन ओठांत धरायची, ही आपल्याकडची घरोघरची रीत. पण शेव्हालिअर जॅक्सन या डॉक्टरांविषयी वाचल्यापासून मला राहवत नाही. कुणी दिसली की आधी पिन हातात घ्यायला लावते.

जॅक्सन १८६५ साली अमेरिकेत पिट्सबर्गला जन्मले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाले. त्याच वर्षी, त्याच शहरातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आपल्या आनंदीबाई जोशीही डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण १८८७ मध्ये क्षयाने त्यांना नेलं. क्षयाने पुढे जॅक्सनना तीनदा गाठलं, तरी ते ९२ वर्षं जगले. आनंदीबाईंच्याच कॉलेजचे ते १९३५ मध्ये अध्यक्ष झाले!

घशात पाहायचा आरसा १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने वापरला. त्यात स्वरयंत्र दिसे, खालचं सगळं अंधारात. १८९७ मध्ये जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी नळी घालून श्वासनलिकेतलं हाड काढलं. जॅक्सननी अशा नळीच्या आतल्या टोकाशी इवलासा दिवा बसवला, नळीतून जाणारे लांब चिमटे बनवले. उघडी सेफ्टी पिन आतल्या आत मिटवून बाहेर काढायचा चिमटासुद्धा! त्यांनी काढलेल्या पिना, नाणी, बटणं अशा दोन हजारांवर वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत.

एका लहान मुलीने घरातला कॉस्टिक सोडा गिळला होता. अन्ननलिका भाजून आवळली, पाण्याचा घोटही उतरेना. जॅक्सननी नळीतून अडकलेला गोळा काढला. पाणी खाली उतरलं, तेव्हा त्या पोरीने त्यांच्या हाताचा मुका घेतला. अशी मुलं पाहून ते गप्प बसले नाहीत. डब्यांवर विषाची सूचना हवी म्हणून वर्षानुवर्षं झगडले आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला.

लहान मुलांना शेंगदाणे देऊ नका, हेही ते आयांना सांगत राहिले. आपल्या गडहिंग्लज भागात तर घराघरात शेंगा! म्हणून सांगते बायांनो, पाच वर्षांखालच्या पोराच्या हातात आख्खा दाणा नको, कूट करून द्या. खाताना हसवू-पळवू नका. दाणा खाताना ठसका लागला आणि नंतर खोकला, घरघर राहिली, तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक डॉक्टरकडे न्या. आणि हो, ती पिन आधी ओठांतून काढा!