मेणबत्ती विझवणारा इंजिनिअर

सबमिशनच्या आदल्या रात्री मिनी प्रोजेक्टचा बोर्ड सोल्डर झाला, की त्यावर फ्लक्सचा पिवळट चिकट थर राहतो. तो पुसायचा कशाने? या प्रश्नाच्या एका जुन्या उत्तरामागे थॉमस मिजली नावाचा माणूस आहे. जन्म १८८९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. १९११ साली कॉर्नेलमधून मेकॅनिकलची डिग्री. म्हणजे केमिस्ट नव्हेच, आपल्यातलाच!

जनरल मोटर्ससाठी काम करताना १९२१ मध्ये त्याने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळून इंजिनचं नॉकिंग थांबवलं. शिसं विषारी, हे तेव्हाही माहीत होतं. त्याला स्वतःलाच बाधा झाली होती. तरी १९२४ मध्ये कारखान्यात कामगार दगावले, तेव्हा या गड्याने पत्रकारांसमोर तेच द्रव हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. हे काही आपल्याला माफ करवत नाही.

दुसरा शोध मात्र गरजेचा होता. त्या काळच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साईड, मिथाइल क्लोराईड असले वायू असत. गळती झाली की माणसांच्या जिवावर यायचं. १९२८ मध्ये मिजली आणि सहकाऱ्यांनी फ्रिऑन शोधला. १९३० मध्ये भर सभेत त्याने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, दोन्ही एकाच फुंकरीत सिद्ध.

याच कुळातलं सीएफसी-११३ पुढे बोर्ड धुवायला आलं. ४८ अंशांच्या आसपास उकळणारं, झटकन वाळणारं. अल्कोहोल मिसळलं की फ्लक्स साफ. वाफ उडाली की विषय संपला, असंच कारखान्यांना वाटे. ती वाफ वर जाऊन फुटते आणि तिच्यातलं क्लोरीन ओझोन खातं, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८७ मध्ये माँट्रिअल करार झाला.

मिजलीला यातलं काहीच कळलं नाही. १९४० मध्ये पोलिओने पाय गेले. बिछान्यातून उठण्यासाठी त्याने स्वतःच दोऱ्या-कप्प्यांची यंत्रणा बनवली आणि १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत गळा आवळून गेला.

आता लॅबमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली असते. ते ओझोनला त्रास देत नाही, पण पेटतं मात्र पटकन. १२ अंशांनाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. तेव्हा ब्रश उचलण्याआधी सोल्डरिंग आयर्न बंद, खिडकी उघडी, आणि बोर्ड पूर्ण वाळेपर्यंत सप्लाय नाही. रूमवर चोरून सोल्डरिंग करणाऱ्यांनी तर बाटलीचं झाकण आधी लावावं.