'गझनफर'चा संपादक

चार पुतळा चौकातून आपण किती वेळा गेलो असू! पण मित्रांनो, त्या चार पुतळ्यांपैकी एक पुतळा पत्रकाराचा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांचा जन्म १९१० चा. म्हणजे 'गझनफर' हे पत्र ते चालवत होते तेव्हा त्यांचं वय आपल्या होस्टेलवरच्या पोरांएवढंच. गझनफर म्हणजे सिंह. नाव उर्दूतलं, मजकूर मराठीत. गिरणी कामगारांचे प्रश्न आणि हिंदू-मुस्लिम ऐक्य हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय. आपला वाचक कोण हे ओळखून त्याला समजेल असं लिहायचं, हा पत्रकारितेतला पहिला धडा त्यांना कुठल्या कोर्सशिवाय उमगला होता.

काळ मात्र कठीण होता. २७ एप्रिल १९३० ला व्हाइसरॉय आयर्विनने वटहुकूम काढून वृत्तपत्रांकडून जामीन मागायला सुरुवात केली. पुढच्याच आठवड्यात गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं.

बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा, का ही उत्तरं हवीत असं शिकवतात. ८ मे १९३० च्या बातमीत चार उत्तरं सरळ आहेत. रूपाभवानीजवळ शिंदीची झाडं तोडणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे हुतात्मा झाले, चिडलेल्या लोकांनी मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, दोन पोलीस मारले गेले. १२ मे पासून मार्शल लॉ आला. तिरंगा लावणंसुद्धा गुन्हा ठरला.

राहिला प्रश्न 'कोणी?' कोर्टाने मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन ही चार नावं दिली. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. सोलापूरने हे उत्तर कधीच मान्य केलं नाही. सरकारने ज्यांना खुनी ठरवलं, त्यांनाच शहराने हुतात्मा म्हणून चौकात उभं केलं.

'कोणी केलं' हा शब्द लिहिताना बातमीदाराचा हात थोडा थांबला पाहिजे, तो यासाठीच. एक नाव चुकलं तर माणूस जातो. आज आपण मोबाईलवर एका सेकंदात कुणाचंही नाव पुढे ढकलतो. पुढच्या वेळी चार पुतळ्यावरून जाताना एवढं जरूर आठवा!