वल्हे आणि कुंचला

कॅनडा देशात टोरांटो शहराच्या उत्तरेस ॲल्गोंक्विन नावाचे विस्तीर्ण अरण्य आहे. ओंटारिओ प्रांताच्या सरकारने ते १८९३ साली राखून ठेवले. पाइन, मेपल आणि भूर्ज या वृक्षांच्या दाट राईतून तेथे शेकडो सरोवरे पसरलेली आहेत. या प्रदेशात पाणी हीच वाट आणि कॅनू हेच वाहन. कॅनू म्हणजे दोन्ही टोकांस निमुळती असलेली हलकी होडी. तेथील मूळ रहिवासी ती भूर्जाच्या सालीपासून बांधीत असत. एक सरोवर संपले की होडी पालथी करून खांद्यावर घ्यावयाची आणि पायवाटेने दुसरे सरोवर गाठावयाचे, असा तेथील प्रवास असतो.

टॉम थॉमसन या चित्रकाराचे नाव या अरण्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्याचा जन्म १८७७ साली एका शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांत तो सहावा. लहानपणी प्रकृतीच्या कारणाने त्याची शाळा वर्षभर सुटली होती. मात्र रानात भटकणे आणि मासे धरणे त्याला तेव्हापासूनच आवडे. तरुणपणी त्याने लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारी केली, ती सोडली. पुढे टोरांटोत जाहिरातींची चित्रे व अक्षरे काढून देणाऱ्या एका संस्थेत तो नोकरीस लागला. वयाची तिशी उलटली, तरी चित्रकार म्हणून त्याला कोणीही ओळखत नव्हते.

१९१२ च्या मे महिन्यात एका सहकाऱ्यासह तो प्रथम ॲल्गोंक्विनला गेला. त्याच वर्षी विल्यम ब्रॉडहेड या मित्राबरोबर त्याने मिसिसागी नदीच्या रानातून सुमारे दोन महिन्यांचा प्रवास केला. दिवसभर वल्हवावे, सायंकाळी किनाऱ्यावर तंबू ठोकावा आणि मिळेल त्या वेळात चित्रे रेखाटावीत, असा त्यांचा क्रम होता. परंतु नदीच्या एका खळाळत्या धारेत होडी उलटली. दोघांचे प्राण वाचले. मात्र काढलेली बहुतेक चित्रे आणि छायाचित्रे पाण्यात गेली. दोन महिन्यांचे श्रम क्षणात नाहीसे झाले! दुसऱ्या एखाद्याने रानाचे नावच टाकले असते. थॉमसनने त्या हिवाळ्यात घरी बसून उत्तरेकडील एका सरोवराचे मोठे चित्र काढले आणि ते प्रांतिक सरकारने २५० डॉलरना विकत घेतले. पुढे डॉक्टर मॅक्कॅलम या कलाप्रेमी गृहस्थाने त्याचा वर्षभराचा खर्च उचलला, तेव्हा त्याने नोकरी सोडली.

१९१४ च्या शरद ऋतूत जॅक्सन, लिस्मर आणि व्हार्ली हे तीन चित्रकार मित्र त्याच्याबरोबर अरण्यात राहिले. जॅक्सन पॅरिसमध्ये शिकून आलेला. रंग कसे योजावेत याचे पुष्कळ ज्ञान थॉमसनला त्याच्याकडून मिळाले. याउलट होडी हाकणे, तंबूसाठी जागा निवडणे आणि शेकोटीवर मासे शिजविणे यांत थॉमसन त्या सर्वांचा गुरू होता. कोण कोणाचा विद्यार्थी, हे तेथे सांगणे कठीण होते! मेपलची पाने लालभडक झाली होती. मात्र त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, पुढे जॅक्सन सैन्यात गेला आणि त्या चौघांनी अरण्यात एकत्र चित्रे काढण्याचा योग पुन्हा आला नाही.

त्यानंतर थॉमसन बहुधा एकटाच हिंडे. बर्फ वितळू लागले की तो अरण्यात येई. पोटासाठी तो सहलीला आलेल्यांचा वाटाड्या होई. १९१६ साली त्याने वणव्यावर नजर ठेवणाऱ्या रक्षकाचेही काम केले. वहीच्या पानाहून फार मोठ्या नसलेल्या लाकडी फळ्यांवर तो झरझर चित्र काढी, कारण ढग आणि प्रकाश चित्रकारासाठी थांबत नाहीत. हिवाळ्यात टोरांटोतील एका साध्या झोपडीत, महिना एक डॉलर भाड्याने राहून तो त्या फळ्यांवरून मोठी चित्रे रंगवी. सरोवराकाठी एकाकी उभ्या असलेल्या पाइन वृक्षाचे त्याचे विख्यात चित्र याच झोपडीत तयार झाले.

८ जुलै १९१७ रोजी दुपारी तो कॅनू लेक या सरोवरावर मासे धरण्यासाठी एकटाच निघाला. त्याची होडी रिकामी सापडली आणि आठ दिवसांनी त्याचे शव मिळाले. त्याला चाळीस वर्षे पूर्ण होण्यास अवघा महिना उरला होता. तो बुडून मरण पावला, असा निर्णय झाला. परंतु इतका निष्णात नावाडी शांत सरोवरात बुडावा, हे अनेकांना पटले नाही.

त्याच सप्टेंबर महिन्यात मॅक्डोनल्ड आणि बीटी या चित्रकार मित्रांनी, तेथील रहिवाशांच्या साहाय्याने, सरोवराच्या काठी उंचवट्यावर दगडांचा एक स्मृतिस्तंभ रचला. थॉमसनचा तंबू पुष्कळदा तेथे असे. त्या ठिकाणी जाण्यास होडीनेच जावे लागते.