यंत्राला माणसाची भाषा शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्याच्या हाती आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा येतो. राज्यात ही सोय २०१८ मध्ये सुरू झाली. उतारा मराठीत असतो. त्यामागे संगणकात काय घडते, हे शेतकऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. यंत्राने आपली सांकेतिक भाषा स्वतःपाशी ठेवावी आणि माणसाशी माणसाच्या शब्दांत व्यवहार करावा, या विचारासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आतली रचना समजावी म्हणून लहानपणी त्यांनी घरातील गजराची घड्याळे एकामागून एक उघडून ठेवली होती. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळविलेल्या हॉपर व्हासर महाविद्यालयात शिकवीत. महायुद्धात नौदलात जायचे ठरविले, तेव्हा वय अधिक आणि वजन कमी भरले. तरीही सवलत मिळवून त्या १९४३ मध्ये दाखल झाल्या आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमधील मार्क-१ या अजस्र गणनयंत्रावर रुजू झाल्या.

त्या काळी प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे आकड्यांची रास मांडणे होते. एकदा तयार केलेला भाग पुन्हा लागला, की तो वहीतून हाताने उतरवावा लागे आणि उतरवताना चुका होत. त्या शोधण्यात दिवस जात. हे कारकुनी काम यंत्रानेच करावे, असे हॉपर यांना वाटले. १९५२ मध्ये त्यांनी ए-० ही प्रणाली सिद्ध केली. तयार भाग नुसत्या क्रमांकाने पुकारावेत आणि यंत्राने ते जुळवून घ्यावेत, अशी ती योजना होती. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा देण्याची ‘फ्लो-मॅटिक’ भाषा घडविली. हिशेबनिसाला कळेल असा प्रोग्रॅम, हा तिचा हेतू होता. १९६० मध्ये अवतरलेल्या ‘कोबोल’वर तिची गडद छाप आहे. बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार दशकानुदशके याच कोबोलने सांभाळले.

शब्द कोणत्याही भाषेचे चालतील, हे दाखविण्यासाठी त्यांनी एकदा फ्रेंच व जर्मन आज्ञांवर यंत्र चालवून दाखविले. अमेरिकी यंत्राला परकी भाषा कशी कळेल, या कल्पनेने वरिष्ठ हादरले. हॉपर यांनी मग इंग्रजीपुरताच आग्रह धरला.

१९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल पदावरून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी बांधलेल्या जिन्याच्या पायऱ्या पुढे वाढतच गेल्या. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्राने आराखड्यावरून प्रोग्रॅम आपोआप तयार करणारी साधने विकसित केली. माणसाने काय हवे ते सांगावे, कसे करायचे ते यंत्राने पाहावे, हे सूत्र तेच. मात्र प्रचलित प्रोग्रॅमिंग भाषांतील आज्ञांचे शब्द अजूनही बहुधा इंग्रजीच आहेत. भोर-वेल्ह्यातून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलाला तर्काआधी परक्या शब्दांचा घाट चढावा लागतो. हॉपर यांनी दाखवून दिलेली, पण वरिष्ठांच्या धास्तीमुळे मागे राहिलेली ही पायरी अद्याप बांधायची आहे.