ईस्ट ऑरेंजचे ‘हेबोन’: जपानी भाषेची वाट सुकर करणारे डॉक्टर

अमेरिकेत जपानी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत सणांची आणि ऋतूंची नावे लवकरच येतात. नववर्षाचा शोगात्सु, फेब्रुवारीतला सेत्सुबुन, साकुरा बहरल्यावरची हानामी, जून-जुलैचा पावसाळा त्सुयु, नोव्हेंबरमधला मुलांचा शिचि-गो-सान. कांजी अजून परकी असते, म्हणून ही नावे आधी रोमन अक्षरांत लिहिली जातात. लेखनाच्या या पद्धतीला जपानी लोक ‘हेबोन’ पद्धत म्हणतात. हे हेबोन म्हणजे डॉ. जेम्स कर्टिस हेपबर्न. त्यांचे वार्धक्य आज असंख्य मराठी कुटुंबांना परिचित असलेल्या न्यू जर्सीत, ईस्ट ऑरेंज येथे गेले.

हेपबर्न यांचा जन्म १३ मार्च १८१५ रोजी पेनसिल्व्हेनियातील मिल्टन या गावी झाला. प्रिन्स्टनमधील शिक्षणानंतर १८३६ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. १८४१ मध्ये पत्नी क्लारासह ते मिशनरी डॉक्टर म्हणून पूर्वेकडे निघाले. सिंगापूर आणि चीनमधील आमॉय येथे त्यांनी काम केले. प्रकृती ढासळल्याने काही वर्षांतच त्यांना परतावे लागले. न्यूयॉर्कमध्ये त्यांचा व्यवसाय भरभराटीला आला. पण त्याच शहरात त्यांचे तीन लहान मुलगे दगावले.

१८५९ मध्ये जपानची बंदरे खुली होताच, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जम सुटलेला नसलेला तो व्यवसाय त्यांनी स्वतःहून बंद केला. उरलेला एकुलता मुलगा सॅम्युएल याला अमेरिकेतच ठेवून पतिपत्नी कानागावाला पोहोचली आणि एका बौद्ध मंदिरात राहू लागली. ख्रिस्ती धर्मावर तेथे अद्याप बंदी होती. उघड प्रचार अशक्य असल्याने हेपबर्न रुग्णांवर मोफत उपचार करीत आणि भाषा शिकत. हाताशी पुरेसा शब्दकोश नव्हता. शिक्षकांकडून आणि भोवतालच्या माणसांकडून मिळालेला एकेक शब्द ते टिपून ठेवीत.

डोळ्यांच्या उपचारासाठी आलेले किशिदा गिन्को या कामात त्यांचे मोठे साहाय्यक झाले. कोश छापण्यासाठी दोघे शांघायला गेले आणि १८६७ मध्ये वीस हजारांहून अधिक जपानी शब्दांचा जपानी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. मराठीत मोल्सवर्थ यांच्या कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती त्याच्या दहाच वर्षे आधी निघाली होती. दोन्ही कोशांमागे परकी माणसाची चिकाटी होती, तशीच एतद्देशीय सहकाऱ्यांची विद्वत्ताही होती.

रोमन लेखन मात्र एका दमात सिद्ध झाले नाही. पहिल्या आवृत्तीत ‘सु’ या अक्षरासाठी एस-झेड अशी अवघड जोडी होती. पुढे ती बदलली. १८८५ मध्ये जपानी व परदेशी अभ्यासकांनी ‘रोमाजीकाई’ ही संस्था स्थापन केली. तिने ठरवलेली पद्धत हेपबर्न यांनी १८८६ च्या तिसऱ्या आवृत्तीत स्वीकारली आणि कोशाच्या लोकप्रियतेमुळे तिला त्यांचेच नाव चिकटले.

याच सुमारास एक प्रतिस्पर्धी पद्धतही पुढे आली. जपानी वर्णमालेची शिस्त पाळणाऱ्या त्या लेखनात शिचि-गो-सान हा सण इंग्रजी वाचणाऱ्याच्या तोंडी ‘सिटी-गो-सान’ होतो. हेपबर्न पद्धतीने वर्णमालेच्या शिस्तीपेक्षा शिकणाऱ्याच्या कानाला झुकते माप दिले. १९३७ मध्ये जपान सरकारने दुसऱ्या पद्धतीवर आधारलेले लेखन अधिकृत केले, तरी रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवर आणि पारपत्रांवर हेपबर्न पद्धतच रूढ झाली.

तिसऱ्या आवृत्तीच्या हक्कांचे पैसे हेपबर्न यांनी मेजी गाकुइन या शिक्षणसंस्थेला दिले. पुढे ते तिचे पहिले अध्यक्षही झाले. १८९२ मध्ये, तेहतीस वर्षांच्या वास्तव्यानंतर, त्यांनी जपान सोडले. १९०५ मध्ये, त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, जपानच्या सम्राटांनी त्यांना ‘उगवता सूर्य’ हा सन्मान दिला. पुढच्याच वर्षी क्लारा गेल्या. २१ सप्टेंबर १९११ रोजी ईस्ट ऑरेंज येथे, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, हेपबर्न यांचे निधन झाले.

ज्या धर्मकार्यासाठी ते जपानला गेले, ते आज तेथील थोड्यांनाच ठाऊक असते. परक्या भाषेचा उच्चार नवख्याच्या जिभेवर सहज बसावा म्हणून रुळलेले ते लेखन मात्र रोज वापरले जाते. ईस्ट ऑरेंजला लागूनच असलेल्या न्यूअर्कच्या ब्रँच ब्रूक उद्यानात एप्रिलमध्ये साकुरा फुलतो, तेव्हा हानामीला निघालेली इथली मुले तो शब्द त्यांच्याच पद्धतीने लिहितात.